तात्यांची मागची सीट

त्या हिवाळ्यात आमच्या उंब्रजच्या घरातले सगळे येणेजाणे एका मोटारसायकलच्या हँडलने ठरवलेले होते. सोप्यातून स्वयंपाकघरात जायचे तर अंग आडवे करावे लागे. हातात ताट असले तर आधी ताट पुढे, मग माणूस. गाडी खरे तर महामार्गालगतच्या आमच्या गॅरेजात असायला हवी होती. पण उसाचा हंगाम सुरू होता, गॅरेजात ट्रॅक्टर आणि डबल ट्रॉल्यांची रीघ लागलेली असे, आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या चिखलात तिला उभी करणे मान्य नव्हते. आईने तिच्याशी आपल्या परीने जुळवून घेतले होते. पुढच्या मोठ्या काचेवर ती धुतलेली फडकी वाळत घाली, आणि डाव्या पेटीचे झाकण उघडे राहिले की आमची तांबडी कोंबडी आत जाऊन अंडे घाली. अण्णा दोन्ही गोष्टींवर चिडत; अंडे मात्र खात. मी एम.एस्सी. संपवून बंगळूरच्या एका संशोधन संस्थेतून रुजू होण्याची तारीख कळण्याची वाट पाहत होते. माझ्या मते मी तिथे तात्पुरती होते. घरातल्या इतर कुणाला तसे वाटत नव्हते.

गाडी परदेशी होती, जुन्या कार्बोरेटरच्या जमान्यातली. गोव्यातल्या एका हॉटेलवाल्याने ती शोभेसाठी दाराशी उभी केली होती. हॉटेल बंद पडले तेव्हा अण्णा ती खाऱ्या हवेने गंजलेल्या अवस्थेत टेम्पोत घालून घेऊन आले. फौजेत गाड्यांचे मेकॅनिक म्हणून उमेदीची वर्षे घालवलेला माणूस. निवृत्तीनंतर त्याने गंज खरवडण्यात काही वर्षे घालवली. इंग्रजी व्हीच्या आकारात बसवलेले दोन मोठे सिलिंडर, साखळीऐवजी दातेरी पट्टा, पाय टेकायला रिकिबीसारख्या दांड्यांऐवजी रुंद फळ्या, समोर वारा कापणारे कवच आणि त्यात बसवलेली घड्याळे, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. वजन एवढे की ती आडवी झाली तर एकट्या माणसाने उचलण्याचा विचारही करू नये. पण वजन खाली होते. गुरुत्वमध्य मी स्वतः काढून पाहिला होता, आणि एकदा चाके फिरू लागली की ती सायकलपेक्षा शहाण्यासारखी वागते हे मला आकड्यांतून आधी आणि रस्त्यावर नंतर पटले. उभी असताना मात्र ती सतत थरथरे. दोन्ही दट्टे, म्हणजे पिस्टन, एकाच खिळीला जोडलेले असल्यामुळे स्फोट समान अंतराने होत नाहीत. एक ठोका, लगेच दुसरा, मग एक लंगडा विराम. आरसे हलत, पुढचे चाक हले, फळीवरचा चहाचा कप सरकत सरकत कडेला येई.

अशा गाड्यांचा वारसा अण्णा फार गंभीरपणे सांगत. तिकडच्या लांब, सरळ, रिकाम्या रस्त्यांसाठी त्या जन्मल्या. युद्धावरून परतलेल्या शिपायांना घरात बसवेना, म्हणून त्यांनी त्या कापल्या, वाढवल्या, आपल्या अंगाच्या मापाच्या करून घेतल्या. हे सांगून झाले की ते म्हणत, ‘‘रिटायर फौजी समदीकडं सारखाच. घरात मावत न्हाई.’’ पण त्यांच्या गाडीचा खरा वारसा तो नव्हता, हे मला माहीत होते. आम्ही माण तालुक्यातले, मेंढपाळ. दिवाळी झाली की आमची माणसे मेंढरे घेऊन पूर्वेच्या कोरड्या माळावरून कृष्णाकाठच्या शेतांकडे उतरत. शेतकरी रानात मेंढरे बसवून घेत, खताच्या बदल्यात धान्य देत. त्या वाटेवर सगळे बिऱ्हाड एका घोडीच्या पाठीवर असे: भांडी, वाकळा, नुकती जन्मलेली कोकरे, आणि सगळ्यांच्या वर बसवलेले लहानगे अण्णा. आपल्या पेट्या अण्णांनी कंपनीच्या पेट्यांपेक्षा चार बोटे खाली घेतल्या होत्या, कारण घोडीवर ओझे पोटाच्या बाजूला लादतात, पाठीच्या वर नाही. आमच्या बिऱ्हाडाची वाट या गाडीवरून पुन्हा एकदा करायची, माणपासून थेट सांगलीपर्यंत, आणि मागे थोरल्या भावाला बसवायचे, असा त्यांचा बेत होता.

तो थोरला भाऊ म्हणजे तात्या. अण्णा फौजेत गेल्यावरही मेंढरांमागे चालत राहिलेले. कृष्णाकाठी रिकामे रान उरले नाही, जिकडेतिकडे ऊस झाला, तरी ते बांधाबांधाने कळप नेत राहिले. त्या वर्षी त्यांना घास गिळवेना. आधी भाकरी अडकू लागली, मग भात, मग कालवलेले काहीही. अण्णांनी आणि मी त्यांना मिरजेला नेले. तिथे तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी तात्यांना बाहेर बसवून आम्हा दोघांना आत बोलावले. अन्ननलिकेतली गाठ बरी होण्याच्या पलीकडे गेली होती. काही आठवडे किरणांचे उपचार घेतले तर ती आकसेल, गिळण्याची वाट थोडी मोकळी होईल, काही महिने माणूस उपाशी राहणार नाही. याहून अधिक वचन डॉक्टरांनी दिले नाही आणि मी प्रश्न विचारून त्यांच्याकडून काढूनही घेतले नाही. जिना उतरताना अण्णा भिंतीला हात लावून थांबले. त्यांनी मला बजावले, की तात्याला एवढेच सांगायचे, लाईट घेतली की बरे होते. लाईट हा आमच्याकडे किरणोपचाराला रूढ झालेला शब्द. मी होकार दिला. मी तेव्हा दमलेली होते, आणि होकार देणे हे वाद घालण्यापेक्षा कमी श्रमाचे असते.

अडचण वेगळीच निघाली. आयुष्यभर चाललेल्या तात्यांना बंद वाहनात बसवत नसे. एसटीत, जीपमध्ये, शेजाऱ्यांच्या नव्या कारमध्ये काचा खाली करूनही त्यांना कराड यायच्या आत उलटी होई. आणि त्या गळ्यातून उलटी होणे म्हणजे काय, ते आम्ही एकदा पाहिले आणि पुन्हा पाहण्याची कुणाची तयारी राहिली नाही. मिरजेत खोली घेऊन राहण्याचा प्रयोगही झाला. स्लॅबखाली त्यांना झोप लागेना. ते पहाटेपर्यंत गॅलरीत उभे राहत. तेव्हा अण्णांनी गाडीची मागची सीट उपटून काढली आणि त्या जागी एक खुर्ची बांधायला घेतली. लोखंडी सांगाडा, दोन्ही बाजूंना कोपर टेकायला हात, पाठीला टेकण, खाली फळ्या, आणि गादीत ट्रॅक्टरच्या सीटचा फोम. कराडच्या एका गादीवाल्याने त्यावर जाड चामडे शिवले. तात्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर थाप दिली, खाली वाकून इंजिनाखाली पाहिले, जसे जत्रेत घोडी घेताना पाहतात. मग म्हणाले, ‘‘पोट लय खाली हाय हिचं. गाभण हाय का रं नामा?’’ नामा म्हणजे अण्णा; ते खुर्चीचा पट्टा आवळत होते. तात्यांनी त्यांना सावध केले, की जनावर पट्टा आवळताना पोट फुगवून धरते, श्वास सोडू दे मग आवळ. पदर पुढे ओढून चुलीशी बसलेल्या आईला हसू आवरेना. तात्यांसमोर ती थेट बोलत नसे. तिचे हसणे मात्र त्यांना ऐकू गेले, आणि त्या आठवड्यात घरात कुणी हसल्याचा तेवढाच आवाज मला आठवतो.

हंगामामुळे अण्णांना रोज मिरजेला जाता येईना, आणि ते फौजेचा ट्रक हाकल्यासारखी गाडी हाकत, असे तात्यांचे म्हणणे होते. म्हणून ते काम माझ्याकडे आले. रविवार सोडला तर जवळजवळ रोज. सकाळी आई तात्यांसाठी नाचणीची पातळ आंबील गाळून थर्मासमध्ये भरे आणि माझ्यासाठी भाकरी व ठेचा. भाकरी मी मिरजेत, तात्या आत असताना, भिंतीकडे तोंड करून खात असे; त्यांच्यासमोर ती मोडण्याचा आवाज करणे मला जमत नसे. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे आम्ही तासन्‌तास सरकत असू. मागच्या सिलिंडरची धग मांडीला लागे, मळीचा आंबूस वास कपड्यांत मुरे, संध्याकाळी मनगटे भांडे धरायलाही तयार नसत. तात्यांना मात्र मागे बसून झोप लागे. त्यांची मान माझ्या पाठीवर टेकली की मला कळे, आणि मग मी ब्रेकचा विचार खूप आधीपासून करू लागे. एवढ्या प्रवासात आम्ही जेमतेम बोललो असू. बंगळूरची तारीख आली तेव्हा मी ती फोनवर वाचली, पुढे ढकलण्याची विनंती पाठवली आणि हेल्मेट घातले. घरात ते कुणाला सांगितले नाही. आज माझ्या प्रयोगशाळेतली मुले कामाच्या ताणाबद्दल बोलतात तेव्हा मी सहानुभूतीने ऐकते. पण थकवा या शब्दाला माझ्यापुरता एक आवाज चिकटलेला आहे, तो दोन सिलिंडरांच्या लंगड्या ठोक्यांचा.

उपचारांचा शेवटचा टप्पा राहिला असताना गावची जत्रा आली. तात्यांनी हट्ट धरला. रविवार होता, सुट्टीच होती; तात्या आणि मी गाडीवर, अण्णा एसटीने असे माणला गेलो, रात्री माळावर झोपलो, आणि सोमवारी सकाळी तिथूनच विटा, तासगाव करत मिरजेला जायचे ठरले. निघताना गावकऱ्यांनी गाडी अडवली. बिरोबासमोर भंडारा न उधळता तात्यांना जाऊ देणे कुणालाच पटेना. अण्णांनी गाडी देवळासमोर लावली, नारळ आणला. तेव्हा भावकीतल्या एका म्हाताऱ्याने त्यांना हटकले. त्याचे म्हणणे असे, की आपल्यात मेंढा देवासमोर उभा करतात, पाठीवर पाणी आणि भंडारा टाकतात, आणि त्याने अंग झाडले तरच देवाने कौल दिला असे मानतात. तर बंद गाडी कौल काय देणार? ‘‘आवं, बंद गाडीवर भंडारा म्हंजी मेल्या मेंढरावर टाकल्यागत हाय. चालू करा की.’’ मी अण्णांकडे पाहिले. त्यांनी कंपनीचा हवेचा डबा काढून त्या जागी उघडा, तेल लावलेल्या कापडाचा मोठा फिल्टर बसवला होता, इंजिनाने मोकळा श्वास घ्यावा म्हणून. उजव्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, तो उघडाच होता. हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. त्यांनी किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली आणि अर्थातच थरथरू लागली. आरसे हलले, हँडल हलले, पुढचे चाक हलले. लोकांत एकदम उसळी आली. ‘‘झाडलं, अंग झाडलं,’’ कुणी तरी म्हणाले आणि चांगभलं झाले. पहिली मूठ अण्णांनी टाकली. त्यांचे डोळे भरलेले होते. मग ढोलवाले पुढे आले आणि हळदीच्या मुठींवर मुठी पडू लागल्या. टाकीवर, काचेवर, खुर्चीत बसलेल्या तात्यांच्या पटक्यावर, आणि जिथे हवा आत ओढली जात होती तिथेही. हळद हवेत फार वेळ तरंगते. गाडी जेवढी थरथरे तेवढे लोक टाकत, आणि देवाचा कौल आहे म्हटल्यावर इंजिन बंद करा असे म्हणण्याची छाती माझ्यात नव्हती. तात्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचा सगळा चेहरा पिवळा झाला होता, आणि खूप दिवसांनी तो आजारी दिसत नव्हता.

विट्याच्या पुढे गाडीला दम लागू लागला. आधी चढावर जोर कमी पडला, मग सपाटीवरही, मग मागून काळा धूर. कारण मला कळत होते: तेलकट कापडावर हळदीचा लेप बसला होता, हवा कमी आणि पेट्रोल जास्त. तासगावच्या अलीकडे द्राक्षबागांमध्ये तिने मान टाकली. मी ती ढकलत, रस्त्यालगतच्या बेदाण्याच्या शेडच्या सावलीत नेली. मिरजेला फोन केला. वेळ दुपारी देतो म्हणाले. शेडवरच्या बाईने तात्यांना घोंगडे अंथरून दिले आणि पाणी आणले. मी फिल्टर काढला, तो झाडला, पुसला, आणि शेवटी फिल्टरशिवायच जायचे ठरवले. एका दिवसाच्या धुळीने इंजिन मरणार नव्हते. सामान आवरून मी तात्यांना उठवायला गेले. ते उठले नाहीत.

ते माझ्याकडे न पाहता शेडमधल्या जाळ्यांवर पसरलेल्या द्राक्षांकडे पाहत होते. म्हणाले, की मी काही आता येत नाही. गाडीच थांबली, तर आपणही थांबावे. मी त्यांना थोडेच उपचार उरले आहेत, मध्येच सोडले तर आधीचे वाया जातील, असे समजावू लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवले.

‘‘पोरी, तू मोजून बोलतीस. म्हनून नामाला न्हाई, तुला इचारतो. ह्या लाईटीनं म्या बरा हुनार हाय का?’’

जिन्यात दिलेला होकार मला आठवत होता. तात्यांच्या भुवयांत हळद अडकलेली होती. ‘‘नाही, तात्या,’’ मी म्हणाले.

मग त्यांना राग आला. तसा राग मी त्यांच्याकडून त्याआधी पाहिला नव्हता. ‘‘येवढं धूड बांधलं, खुर्ची बांधली, गादी शिवली,’’ ते म्हणाले, ‘‘आनि येक शबूद न्हाई निगला कुनाच्या तोंडातनं? म्या काय कोकरू हाय व्हय, पोटाशी धरून न्यायाला?’’ त्यांचा श्वास जोरात चालला होता. शेडवरची बाई कामाच्या निमित्ताने पलीकडे निघून गेली. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, मग ती लाईट करते तरी काय. मी सांगितले: गाठ आकसते, घास उतरतो, काही महिने भाकरी कुस्करून खाता येईल. किती महिने, असे त्यांनी विचारले. ते कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही, असे मी म्हणाले. हे मात्र त्यांनी लगेच मान्य केले. पाऊस किती दिवसांनी पडेल हे सांगणाऱ्या माणसावर त्यांनी कधीच विश्वास ठेवला नव्हता.

‘‘भाकरी जाईल?’’

‘‘जाईल. दुधात.’’

‘‘मंग चल. उपाशी न्हाई मरत म्या.’’ उठण्यासाठी त्यांनी हात पुढे केला आणि तो माझ्या हातात असतानाच म्हणाले, ‘‘आनि नामाला बोलू नगंस, मला ठावं हाय म्हनून. त्येचं हात गळत्याल. बांधतोय तर बांधू दे.’’

म्हणजे आता दोन भावांच्या दोन गुपितांमध्ये मी होते, आणि दोन्ही गुपिते एकच होती. मिरजेपर्यंत ते जागे राहिले. फिल्टरशिवाय इंजिनाचा आवाज बदलला होता, हवा ओढताना ते घरघरत होते. दवाखान्यातल्या मुलीने तात्यांना पाहून, लग्न ठरले का आजोबा, असे विचारले. तात्यांनी तिला सांगितले, की ठरले आहे, पण मुलगी अजून हो म्हणत नाही.

संध्याकाळी उंब्रजला पोचलो तेव्हा अण्णा आमच्या आधीच येऊन दारात उभे होते. पिवळा फिल्टर हातात घेऊन त्यांनी तो उलटापालटा केला, ते ओशाळले, आणि लगेच पत्र्याचे झाकण कसे करता येईल ते बोलू लागले. पुढच्या जत्रेला असे होणार नाही. आईने आंबील आणली. तात्या खुर्चीवरून उतरले नव्हते. वाटी दोन्ही हातांत धरून त्यांनी एक घोट घेतला, तो खाली जाईपर्यंत डोळे मिटून वाट पाहिली, आणि मग अण्णांना म्हणाले, की ही पाठ फार खाली घेतली आहेस. मिरजेपुरती ठीक आहे, पण पुढच्या दिवाळीनंतर माणहून वाटेला लागायचे, मुक्काम करत सांगलीपर्यंत जायचे, तर टेकायला खांद्यापर्यंत पाहिजे. अण्णांचा चेहरा एकदम उजळला. कुठे मुक्काम, कुणाच्या बांधावर, कुठली विहीर अजून आहे आणि कुठली उसाखाली गेली, असे दोघांचे सुरू झाले. तात्या प्रत्येक ठिकाणी अण्णांना दुरुस्त करत होते. अण्णांनी वळून मला टेप आणायला सांगितला. मी तो गादीपासून तात्यांच्या खांद्यापर्यंत धरला आणि आकडा सांगितला. अण्णा तो पत्र्यावर खडूने लिहू लागले.

‘‘पुन्ना मोज,’’ तात्या माझ्याकडे न पाहता म्हणाले. ‘‘लांबची वाट हाय.’’

ते ताठ बसले. मी पुन्हा मोजले.